धनगराचा पाय

अब्बा म्हणाले, आज मी करणार शेफर्ड्स पाय,
आणि माझा धाकटा खाटेखाली वाकून बघू लागला
कुणाचा पाय, कुठाय पाय.
बकऱ्याचा असेल तर मला त्याचा रस्सा, म्हणाला.
मी सांगितलं, शेफर्ड म्हणजे धनगर.
मग तर तो घाबरलाच.

खिमा दाभोळच्या बाजारातला, दोनदा कुटलेला.
बटाटे घाटावरचे, गाजरं घाटावरची,
मिरी मात्र परसातली, पोफळीवर चढलेल्या वेलाची.
बाटलीतला तो काळा विलायती सॉस इथे कुठला?
अब्बांनी आगळाचे चार थेंब टाकले,
नखाएवढा गूळ,
आणि पापणी न हलवता म्हणाले,
हाच तो.

तीस वर्षं जहाजावर भंडारी होते अब्बा.
दर गुरुवारी हाच बेत, कॅप्टनच्या टेबलासाठी.
ओटा कलायचा, पातेली सरकायची,
एक हात कठड्याला, एका हातात कालथा.
अम्मीला पत्रात लिहायचे,
दर्या खवळलाय, पण बटाटे नीट कुस्करले गेले.
तब्येतीचं कधी एक अक्षर नाही.

घरात भट्टी नाही.
माळ्यावरून नानकटाईचा पत्र्याचा डबा निघाला,
तळाला खाडीची वाळू, खाली चूल,
झाकणावर करवंट्यांचे निखारे.
अम्मी दारात, पदर नाकाला लावून:
माझ्या चुलीवर बोट हाकू नका.

काटा घरात एकच,
मुठीवर कंपनीचा नांगर कोरलेला.
तो विचारून आणला की न विचारता
हे अम्मीनंही कधी काढलं नाही.
त्या काट्यानं अब्बांनी बटाट्यावर रेघा ओढल्या,
ओहोटीनंतर पुळणीवर उरतात तशा,
हळूहळू, कुणाचं तरी अंग चोळावं तशा.

तेवढ्यात सड्यावरून धाकू झोरे दूध घालायला आला.
डब्यात डोकावला.
"ह्ये काय, खिम्यावर घोंगडं घातलंत?"
अब्बा हसले नाहीत.
त्या रेघांकडे बघत राहिले,
जणू तीस वर्षं आपण काय विणत होतो
ते आत्ता कुणी सांगितलं.
मग म्हणाले, बस झोरे,
तुझ्याच जातीचं नाव आहे याला. जेवून जा.

झाकण निघालं. वर सोनेरी, कडेला करपट,
फटीतून खिम्याचा रस बुडबुडत.
अब्बांनी खांद्यावर टॉवेल टाकला,
डाव्या बाजूनं वाढत गेले, वाकून, न बोलता,
आम्ही पाटावर बसलेलो
आणि ते कुठल्यातरी दुसऱ्याच खोलीत.
धाकूनं भाकरी मागितली. मिळाली.

"तुम्ही बसा की," अम्मी म्हणाली.
ते आपली थाळी धरून उभेच.
"हे मी कधी खाल्लं नाही."
जहाजावरचं मटण हलाल नव्हतं.
तीस वर्षं वासावर शिजवलं,
स्टुअर्डनं चमचा चाटून मान हलवली की पाठवायचं,
आणि आपण मागे पिंपावर बसून
डाळ, भात, सुकट.

बसले. पहिला घास घेतला.
आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत,
अम्मी तर श्वास धरून.
निखाऱ्यावरची एक करवंटी तडकली.

"मीठ कमी आहे."

मग बऱ्याच वेळानं,
"तीस वर्षं. एक माणूस बोलला नाही."

हसावं का, ते कुणाला कळेना.
धाकूनं मिठाचं बरणं त्यांच्यापुढे सरकवलं.
"तिकडच्या धनगराला मीठ महाग असंल, अब्बा."
बाहेर खाडीला भरती लागत होती,
एवढं खारं पाणी, दारापर्यंत.

अब्बांनी चिमूट घेतली, भुरभुरली,
दुसरा घास घेतला, तिसरा,
आणि थाळी पुढे केली, अम्मीकडे,
वाढ म्हणून.

धाकटा डब्याच्या तळाची खरपुडी खरवडत होता.
त्याला अजून पाय सापडला नव्हता.